टेकडी रेघेबाहेर कशी गेली

आमच्या गावाला जंगलाचा सामूहिक पट्टा, म्हणजे जंगलावरच्या हक्काचा सरकारी कागद, मिळाला आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो काचेत लावला आहे. बाहेरून कोणी आलं की आमचे लोक आधी चहा पाजतात आणि मग पट्टा दाखवतात. त्या पट्ट्यात देवाच्या राईमागची मोहाची टेकडी नाही. ती का नाही, याच्या गावात दोन गोष्टी सांगतात. एक, माझ्या नातीनं ती मुद्दाम सोडली. दुसरी, कॉम्प्युटरनं ती खाल्ली. दोन्ही खोट्या आहेत. मी चौथी शिकलेली बाई आहे. तेवढ्या शिक्षणात जमेल तसं, जे झालं ते लिहून ठेवते.

गोंडपिपरीहून आतल्या रस्त्यानं आमच्या गावाला येता येतं. गावात अर्धी घरं गोंडांची, अर्धी आम्हा बौद्धांची. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळे देवाचं मला पहिल्यापासून काही नाही. गोंडांचा देव गावाच्या उगवतीला राईत आहे. वर्षाची पूजा होईपर्यंत राईत कोणी पाय टाकत नाही, आणि बायका तर राईच्या जवळूनही जात नाहीत. राईच्या मागं टेकडी आहे आणि टेकडीच्या पलीकडून ओढा वाहतो. तीच आमच्या गावाची हद्द. पुरुषांची टेकडीवर जायची वाट राईतून उतरते. आम्हा बायकांची वाट वेगळी, दक्षिणेकडून ओढ्याच्या काठाकाठानं.

टेकडीवर मोहाची झाडं आहेत. कोणतं झाड कोणत्या घराचं हे ठरलेलं आहे. माझ्या सासूचं झाड माझ्याकडे आलं. त्याला लागूनच भुमकाच्या बायकोचं झाड. भुमक म्हणजे गोंडांचा पुजारी. होळीच्या सुमाराला फुलं पडायला लागतात. ती वेचायची, वाळवायची आणि विकायची. त्यावर आमचा उन्हाळा निघतो. पट्ट्यात टेकडी आली असती तर आम्हाला कोणी हटकलं नसतं. नाही आली, तर जंगलखात्याच्या नाकेदाराची मर्जी. जे काही पणाला लागलं होतं ते एवढंच, आणि ते बायकांचं होतं.

पट्ट्यासाठी नकाशा लागतो. हद्दीवरून फोन हातात धरून चालायचं, फोन वाटेतले पॉइंट धरून ठेवतो, मग ते कॉम्प्युटरमध्ये घालून नकाशा काढायचा, असं एका संस्थेच्या लोकांनी आम्हाला शिकवलं. त्यांनी ग्रामसभेला एक जुना लॅपटॉप दिला आणि देतानाचे फोटो काढून घेतले. फोटोत मीही आहे, कारण मी वनहक्क समितीत आहे. समितीत बायका लागतात म्हणून मला घेतलं होतं.

माझी नात, माझ्या मुलाची मुलगी, तेव्हा घरीच होती. चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकली, नागपूरला एका ऑफिसात लागली, ते ऑफिस बंद पडलं आणि ती परत आली. गाव म्हणे, शिकली तरी चूल फुंकायलाच आली. संस्थेच्या लोकांनी तिला नकाशाचं काम दाखवलं आणि ते तिच्याच गळ्यात पडलं.

धान निघाल्यावर आम्ही हद्द चाललो. फोन नातीच्या हातात. बरीच माणसं होती, मीही गुडघे धरत धरत गेले. राई दिसायला लागली तशा आम्ही बायका थांबलो. नातही थांबली. तिनं फोन भुमकाच्या धाकट्या भावाकडे दिला, तो कसा धरायचा ते दाखवलं. पुरुष पुढं गेले. आम्ही चारोळीच्या झाडाखाली बसून तंबाखू खाल्ला. ऊन कलल्यावर पुरुष दक्षिणेच्या अंगानं वर आले.

"घे वो," भुमकाचा भाऊ म्हणाला, "झालं तुह्यं."

"सारं चालले ना, भाऊ?"

"सारं चाललो. काटे पाहा पायात."

त्याच्या पायात काटे होते. तो खोटं बोलला नाही.

नंतर संस्थेचा प्रोजेक्ट संपला. नातीनं त्यांच्या साहेबाला फोन केला तर तो म्हणाला, ताई, मी आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. कचेरीतून आम्हाला जंगलाच्या कक्षांचा, म्हणजे सरकारी विभागांचा, नकाशा असलेली एक फाईल मिळाली होती. आमचा नकाशा तिच्यावर काढायचा. आमच्या लॅपटॉपमधलं नकाशाचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की त्यात ती फाईल उघडेचना. नवं पाहिजे. आणि नवं सॉफ्टवेअर म्हणे, इतक्या जुन्या मशीनवर चालवायला तयार मिळत नाही.

नात मला सांगत होती, मी शेंगा सोलत होते.

"तयार नाई भेटत, आजी. पण त्याचा सोर्स कोड भेटते. तो आणून इथीच बांधावं लागते."

"सोर्स कोड म्हणजे?"

"म्हणजे ते सॉफ्टवेअर ज्या लिखाणातून झालं ते सारं लिखाण. लिहिणाऱ्याईनं उघड्यावर ठेवलं हाये. कोणीबी घ्यावं, वाचावं, बदलावं, आपल्या मशीनवर बांधावं. पैसे नाई."

"मंग त्याईचं पोट कसं भरते?"

"ते मले नाई माहीत."

"त्याईले माहीत असन ना. जो फुकट वाटते त्याचा दुसरा हात कुठी हाये, ते पाहाव पहिले."

"दोन्ही हात की-बोर्डवर हायेत त्याईचे," ती म्हणाली.

मला ते पटलं नाही. माझ्या उभ्या जन्मात फुकट आलेल्या वस्तूमागं कोणीतरी फोटो काढायला उभा असतो. पण ह्या लोकांनी फोटो मागितला नाही, हे खरं आहे. त्यांना आमचं गाव आहे हेच माहीत नव्हतं.

तिनं मैत्रिणीचा लॅपटॉप मागून पाहिला. ते मैत्रिणीच्या ऑफिसचं मशीन, त्यात दुसऱ्याचं काही घालायची परवानगी नाही. तालुक्याला एक जण नकाशे काढून देतो, समितीचा अध्यक्ष म्हणाला त्याच्याकडे जाऊ. त्यानं शेजारच्या गावाचा नकाशा काढला होता, त्यात त्यांची शाळा नदीत गेली होती. मग सगळे नातीकडे पाहायला लागले. ती म्हणाली, बांधते.

सॉफ्टवेअर बांधणं म्हणजे काय ते मी पाहिलं म्हणून सांगते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. हुकूम लिहायचा आणि वाट पाहायची. मशीन म्हणतं, ह्याच्या आधी अमुक पाहिजे. ते आणलं की म्हणतं, अमुकला तमुक लागतं. तमुक आणलं तर म्हणतं, हे फार नवं आहे, याच्या मागचं आण. आपण मांडव घालतो तेव्हा लाकडाच्या बल्ल्या लागतात, बल्ल्या बांधायला वेली लागतात. इथं प्रत्येक वेल म्हणत होती की मला ह्याच जंगलातली बल्ली पाहिजे, दुसरीला मी आवळणार नाही. नात एकेक तुकड्याचं, तिच्या भाषेत लायब्ररीचं, नाव कागदावर लिही आणि तो आणायला निघे.

आणायला निघे म्हणजे टाकीखाली जाई. आमच्या गावात नेटवर्क पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर येतं, दुसरीकडे नाही. ती तिथं दुपारभर बसे, फोन एका हातात उंच धरून. येणारेजाणारे बोलत.

"काय वो, टाकीवर ड्युटी लागली काय?"

"हो, काका. तुमच्या नळाले पाणी कमी येऊन राह्यलं म्हणून पाठवलं मले."

"कोणी पोरगं असन लाईनवर."

"लायब्ररी हाये. पोरगं असतं तं एवढा वेळ कोण बसलं असतं?"

तिला उत्तर देता येई. घरी आल्यावर मात्र ती यादीवरच्या खुणा खोडत बसे. अर्धं उतरलेलं मध्येच तुटे आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिनं ती यादी घेतली, एसटीनं चंद्रपूरला गेली, मैत्रिणीच्या घरी बसून सारं पेनड्राइव्हमध्ये भरून आणलं. घरी येऊन पाहते तर एक तुकडा राहिलेला. सून म्हणाली, मीठ विसरलीस काय गं बाजारातून. नात पुन्हा गेली.

मग खरं बांधणं सुरू झालं. त्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली. वीज गेली की तो जागच्या जागी मरे. आमच्याकडे हरभऱ्यावर मोटारी सुरू झाल्या की दिवे लाल होतात. म्हणून घरातलं बाकी सारं बंद. पंखा बंद, टीव्ही बंद, मिक्सर बंद.

"त्या डब्ब्यापायी मी पाट्यावर वाटू काय?" सून म्हणाली.

"वाट ना," माझा मुलगा म्हणाला. "हात झिजते काय."

"मंग तुमीच वाटा. तुमचे तं अजून नवेच हायेत."

मी दारात बसे. कोणी फोन चार्जिंगला लावायला आलं की परत पाठवी. शेजारच्या घरची बाई म्हणाली, "बाई, तुमच्या घरी बाळंतीण हाये काय, कोणाले आत येऊ देत नाई ते." मी म्हटलं, हाये, आणि अडली हाये.

खरंच अडली होती. अर्ध्याच्या पुढं जाई, लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागे, आणि मध्येच एक ओळ येऊन सारं थांबे. नात ती ओळ घेऊन टाकीखाली जाई. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची इंटरनेटवर एक जागा आहे, तिथं जगातला कोणीही विचारतो आणि कोणीही सांगतो. तिनं इंग्रजीत विचारलं. उत्तरं आली ती तिनं मला मराठीत वाचून दाखवली. एक जण म्हणाला, हे मशीन फार जुनं आहे, नवं घ्या.

"त्याले म्हणाव, तू पाठव," मी म्हटलं.

दुसरा म्हणाला, विचारण्याआधी सूचना वाचायची पद्धत आहे. तिनं सूचना इतक्या वाचल्या होत्या की तिचे डोळे सुजले होते. ती त्याला काही बोलली नाही. मी असते तर बोलले असते. तिसऱ्यानं मात्र कामाचं सांगितलं. मशीनला एकदम चार कामं देऊ नको, एकेक दे, आणि हुकूम कसा द्यायचा ते लिहून दिलं. कुठला होता कोण जाणे. त्या सगळ्या प्रकरणात सरळ बोललेला तो एकच माणूस, आणि त्याचं तोंडही आम्ही पाहिलं नाही.

एकेक काम दिल्यावर लॅपटॉप कासवासारखा चालू लागला. वीज गेली की पुन्हा लावायचा. बरं इतकंच की झालेलं झालेलं राही, सगळं पहिल्यापासून करावं लागत नसे. पण दिवस गेले. धान निघाल्यावर चाललो होतो, आता पळस फुलला होता. पट्ट्याच्या दाव्यावरच्या सुनावणीची तारीख आली. अध्यक्ष रोज दारात.

"झालं काय?"

"होऊन राह्यलं."

"फुकटचं हाये म्हणता, मंग एवढा टाइम काऊन लागते?"

"फुकटचं हाये म्हणूनच लागते," मी म्हटलं. "विकतचं घ्या नं. काढा खिशातून."

तो गेला.

एका दुपारी ते झालं. मी दारातच होते. आतून काही आवाज आला नाही म्हणून डोकावले. पडद्यावर नकाशाची खिडकी उघडली होती, आत काहीच नाही, पांढरं. नात तिच्याकडे पाहत बसली होती.

"झालं?"

"झालं."

सुनेनं मिक्सर लावला. एवढाच काय तो आनंद झाला आमच्या घरी.

मग नातीनं कचेरीची फाईल उघडली. ती उघडली. तिच्यावर फोनमधले पॉइंट टाकले. लाल रेघ आली. नात वाकून पाहत राहिली.

"आजी, ओढ्याचं वळण कुठी येते? टेकडीच्या मागं ना?"

"मागं."

"आपली हद्द ओढाच ना?"

"ओढाच. काऊन?"

"रेघ ओढ्याले लागतच नाई."

तिनं बोटानं दाखवलं. मला नकाशा वाचता येत नाही, पण हे कळलं. रेघ राईपाशी येते, आणि गावाच्या बाजूनं तिला वळसा घालून दक्षिणेला उतरते. राई पलीकडे राहिली. टेकडी पलीकडे राहिली. माझं झाड, भुमकाच्या बायकोचं झाड, सारं पलीकडे. फोनवर नुसते आकडे दिसत होते. खालचा नकाशा असल्याशिवाय ते कोणाला कळणार नव्हतं, आणि खालचा नकाशा उघडायलाच एवढे दिवस गेले होते.

ग्रामपंचायतीत समिती बसवली. लॅपटॉप टेबलावर ठेवला. नातीनं भुमकाच्या भावाला विचारलं.

"भाऊ, त्या दिवशी राईच्या मागून गेलते का पुढून?"

"पुढून. मागं जायाले राईतूनच जावं लागते. पूजा कुठी झालती? आत कसे जाऊ?"

"मंग टेकडी?"

"टेकडी आपलीच हाये ना. आपल्याच टेकडीवरून कायले चालाव लागते?"

तो थट्टा करत नव्हता. कोणीच हसलं नाही. बसलेल्या अर्ध्या माणसांना त्यात चूक काय तेच कळलं नाही. त्यांचं म्हणणं, राई आपली, तिला मान देऊन बाजूनं गेलो, म्हणजे ती जास्तच आपली.

भुमक म्हणाला, "तुह्या कॉम्प्युटरले सांग, राई आपली हाये म्हणून."

"त्याले सांगता येत नाई, काका. पाय जिथी गेले तेच तो दाखवते."

"पाय," भुमक म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुमचे लोक देव मानत नाई. म्हणून पोरीनं देव बाहेर काढला."

आमच्या बाजूची माणसं उठायला लागली. मी त्यांना बसवलं.

"देव मानत नाई, खरं हाये," मी म्हटलं. "मोहाची फुलं मानतो. माह्यं झाड तिथी हाये, तुह्या बायकोचंबी तिथीच हाये. माह्यी नात आपल्याच आजीचं झाड बाहेर काढन काय? आणि फोन कोणाच्या हातात होता, ते इथी बसलेल्या साऱ्याईनं पाह्यलं."

भुमकाचा भाऊ जमिनीकडे पाहत होता. हे बोलणं गावात अजून चघळतात. म्हातारी भर सभेत भुमकाला बोलली, असं. काय बोलली ते कोणी सांगत नाही.

मी पुढं म्हटलं, उद्या सकाळी आम्ही बायका ओढ्याच्या वाटेनं जातो, फोन आमच्याकडे द्या. राईला हात लागत नाही, पाय लागत नाही, ओढ्यावरून रेघ येते. भुमक म्हणाला, देवाच्या मागून बायका हद्द मोजतील काय. मी म्हटलं, त्याच वाटेनं बायका दरवर्षी टोपल्या घेऊन जातात, तेव्हा देव कुठं पाहतो. तो म्हणाला, टोपली वेगळी आणि हद्द वेगळी. मी म्हटलं, मग पुरुषांनी जावं त्या वाटेनं. बायकांच्या वाटेनं कोण जाईल, असं एकानं मागून म्हटलं, आणि विषय संपला. पूजा झाल्यावर राईतून जाऊ म्हटलं तर सुनावणी पूजेच्या आधी. तारीख पुढं मागायला अध्यक्ष भ्यायला. फाईल एकदा खाली गेली की वर येत नाही, म्हणाला. त्याचं तेही खरं होतं.

शेवटी नात म्हणाली, ओढ्यावरून रेघ मी हातानं ओढते, पण ती तुटक ठेवते, आणि खाली लिहिते की रिवाजामुळे इथं चालता आलं नाही.

"तुटक काऊन?" अध्यक्ष म्हणाला. "सरळ लाल ओढ. कोण पाह्यते?"

"पॉइंट सोबत द्यायचे हायेत. जुळवून पाह्यले तं साराच नकाशा खोटा म्हणतील."

"कोणी जुळवत नाई."

"मी खोटी रेघ ओढत नाई, काका."

अध्यक्ष आजही म्हणतो, पोरीनं त्या दिवशी ऐकलं असतं तर टेकडी आज आपली असती. असेलही. ते मला माहीत नाही. मी तिच्या बाजूनं बोलले होते, आणि आज विचारलं तरी बोलेन.

सुनावणीला आम्ही जीप करून गेलो. साहेब तरुण होता, वाईट नव्हता. मला खुर्ची दिली. नकाशा चांगला काढला आहे म्हणाला, कुठं काढला?

"घरी," नात म्हणाली.

"घरी? कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये?"

तिनं नाव सांगितलं आणि स्वतः बांधलं हेही सांगितलं. मला वाटलं, आता हा विचारील कसं बांधलंस.

"म्हणजे फुकटवालं. त्यात कोणीही काहीही बदलू शकतं ना?"

"कोड बदलता येतो, सर. पण त्यानं पॉइंट..."

"ठीक आहे." त्यानं बोट तुटक रेघेवर ठेवलं. "इथले पॉइंट?"

"नाहीत, सर. खाली लिहिलं आहे."

त्यानं खाली वाचलं. भुमकाला विचारलं, तिथं का गेला नाहीत. गावात तासभर देवाचं सांगणारा तो माणूस, साहेबासमोर एवढंच म्हणाला, "पूजा नोहती झाली, साहेब." मग मी उठले.

"साहेब, राईतून नाई जात. पण बाया ओढ्याच्या वाटेनं दरसाल टेकडीवर जातात. मोह वेचतात. मीच जातो."

"अच्छा. वाट आहे?"

"हाये."

"मग त्या वाटेनं पॉइंट का नाही घेतले, आजी?"

प्रश्न बरोबर होता. मी आमच्या रांगेकडे पाहिलं. भुमक पंख्याकडे पाहत होता. अध्यक्ष चष्मा पुसत होता. त्या वाटेला नाही कोणी म्हटलं, हे साहेबाला सांगायचं तर त्यांनी सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं असतं तर गावानं गावाविरुद्ध साक्ष दिली असं झालं असतं, आणि साऱ्या पट्ट्यावर पाणी पडलं असतं. मी बसले. साहेबानं लिहिलं, चाललेला भाग मान्य, उरलेल्यासाठी गावाला वाटल्यास नवा दावा करावा.

पट्टा आला तेव्हा गुलाल उधळला. एका पुढाऱ्याच्या हातून तो अध्यक्षानं घेतला. ज्यांची नावं घेतली त्यांत नात नव्हती. ती मागं खुर्च्या लावत होती.

पूजा झाल्यावर भुमकाचा भाऊ आमच्या दारात आला. एकटाच. "चाल वो पोरी, आता राईतून जातो. तू म्हणशील तिथून चालतो." नातीनं त्याला चहा दिला आणि सांगितलं की आता नुसतं चालून होत नाही. नवा दावा, नवा ठराव, पुन्हा सारी सभा बसवायची. सभा बसली नाही. मी अध्यक्षाला चार वेळा म्हटलं. तो म्हणे, मिळालं ते सांभाळू दे पहिले.

नातीनं तेवढ्यात एक काम केलं. जुन्या मशीनवर ते सॉफ्टवेअर कसं बांधायचं, कोणता तुकडा कुठून घ्यायचा, कुठं अडतं, सारं इंग्रजीत लिहून तिनं त्या उघड्या जागेवर ठेवलं. कुठल्या कुठल्या देशांतून लोकांनी तिला धन्यवाद लिहिले. एकानं लिहिलं, आमच्याकडेही असेच जुने डबे आहेत. ते तिनं मला वाचून दाखवलं, आणि मग कपडे भरायला लागली. नागपूरला दुसऱ्या ऑफिसात तिला काम लागलं होतं. तिथं तयार मशीन देतात.

लॅपटॉप ग्रामसभेचा म्हणून पंचायतीच्या कपाटात ठेवला. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, वेळी गावात नाटक होतं, त्याची पत्रकं बनवायला पोरांनी तो काढला. त्यांना ते काळ्या पडद्याचं काही समजेना, म्हणून तालुक्याला नेऊन सारं पुसून दुसरं टाकून आणलं. मी अध्यक्षाला विचारलं, नकाशाचं होतं ते? तो म्हणाला, नकाशा तं भिंतीवर हाये, आता मशीनमध्ये कायले पायजे. पत्रकं चांगली निघाली होती, रंगीत.

ह्या वर्षी टेकडीला जंगलखात्याची तार लागली. सागाचं रोपवन करणार म्हणतात. फुलं पडायला लागली तशी मी टोपली घेऊन ओढ्याच्या वाटेनं गेले. भुमकाची बायको तारेपाशी उभी होती. आम्ही दोघी बोलत नव्हतो त्या सभेपासून. तिनं खालची तार पायानं दाबून धरली आणि वरची हातानं उचलली.

"जाय," ती म्हणाली.

मी गेले. मग मी तिच्यासाठी धरली.

बराच वेळ आपापल्या झाडाखाली वेचत होतो. मग ती म्हणाली, "तुह्या नातीले म्हणाव, एकदा येऊन जाय. मी धरतो फोन. ओढ्यावरून चालतो."

"तुह्या नवऱ्याले इचारलं?"

"त्याले कायले इचारू. तो इकडे येतेच कोठी."

"हे तू सभेत म्हणाव लागत होतं."

"तू म्हटलं ना," ती म्हणाली. "काय झालं मंग?"

तेवढ्यात नाकेदार आला. नवीन पोरगा होता, त्यानं टोपल्या ओतल्या नाहीत. आजी, हे तुमच्या पट्ट्यात नाही, उद्यापासून येऊ नका, वरून मला बोलतात, एवढं म्हणाला. निघताना घाईत भुमकाच्या बायकोचा दंड तारेनं फाटला. रक्त लुगड्यावर आलं. तिनं पळसाचं पान लावून पदर गुंडाळला आणि माझ्या पुढं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. ती आली नाही. तिच्या झाडाखाली फुलांचा सडा पडला होता, माझ्या झाडापेक्षा जास्त. मी माझ्या झाडाखालची वेचली. तिची उचलली नाहीत, झाड तिचं आहे. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा तिच्या झाडाखालची फुलं रानडुकरं खाऊन गेली होती.